किचनच्या सॉफ्टवेअरमध्ये कपाटांची मापं आणि जागा: शून्य नेमका कुठे धरायचा?

माडाखाली | २ मार्च, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. आचऱ्याला आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात रांधपाच्या खोलीवर माड पडला. तेव्हा वासे आणि कौलं बदलून घेतली, पण आतला ओटा तसाच राहिला. कडप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे, पावसाळ्यात त्यात काय काय शिरतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. आई तिथे एकटी असते. यंदा पावसाआधी तिला धड स्वयंपाकघर करून द्यायचंच, असं ठरवलं आहे.

मी पुण्यात. गावच्या सुतारकाकांना नीट नकाशा देता यावा म्हणून स्वीट होम थ्रीडी हे घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे आणि एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही, गावी त्याचा फार उपयोग होतो. पण दोन दिवस एकाच जागी अडकले आहे.

ओट्याची भिंत टेपने मोजली तर १० फूट १० इंच भरली, म्हणजे ३३० सेंमी. सॉफ्टवेअरमध्ये तेवढीच भिंत काढली. कपाटं घेतली ६०, ९०, ६०, ९० आणि ३० रुंदीची. बेरीज ३३०. चित्रात बसल्यासारखी दिसली. मग लक्षात आलं की भिंतीची जाडी मी भरलीच नव्हती, सॉफ्टवेअरने आपणहून ७.५ सेंमी धरली होती. आमची भिंत गिलाव्यासकट २५ सेंमी आहे. ते भरलं मात्र, आणि दोन्ही टोकांची कपाटं भिंतीत घुसली. कपाटांना मी हातही लावलेला नाही.

शिवाय पहिल्या कपाटाला एक्सची (म्हणजे आडव्या जागेची) किंमत ० दिली तर ते अर्धं भिंतीपलीकडे जातं. हे काय होतंय ते कुणी समजावून सांगेल का? सुतारकाका नकाशा बघून म्हणाले, "बाय, कागदार बरा दिसता, पण भितीर बसाक व्हया." मला तो खरंच भिंतीवर बसवायचा आहे.

ओळंबा | २ मार्च, रात्री ११.०५

ताई, तुमची बेरीज चुकलेली नाही. तुम्ही जी ३३० ची रेघ काढलीत ती भिंतीच्या आतल्या अंगाची नाही, भिंतीच्या मध्याची आहे. या सॉफ्टवेअरमध्ये भिंत मध्यरेषेवर काढली जाते आणि जाडी दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाढते. ७.५ सेंमी जाडी असताना आतली जागा ३३० वजा ७.५ म्हणजे ३२२.५ होती. कपाटं तेव्हाही भिंतीत होती, फक्त पावणेचार सेंमी असल्यामुळे नजरेला आली नाहीत. जाडी २५ केलीत तशी आतली जागा ३०५ उरली आणि प्रत्येक टोकाला साडेबारा सेंमी कपाट भिंतीत गेलं.

टेपने मोजतो ते आतलं माप. म्हणून भिंत काढताना आतलं माप अधिक दोन्ही बाजूंच्या भिंतींची अर्धी-अर्धी जाडी धरायची. तुमच्या बाबतीत ३३० + १२.५ + १२.५ = ३५५. काढून झाल्यावर डायमेन्शनची (माप दाखवणारी) रेघ या भिंतीच्या आतल्या अंगापासून त्या भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत ओढून बघा. तिथे ३३० दिसलं की पुढचं काम सुरू करा, त्याआधी एकही कपाट ठेवू नका.

मी नोकरीत असताना पाटबंधाऱ्याच्या कामांवर नकाशे वाचण्यात आयुष्य गेलं. माप कुठून कुठवर, हे लिहिलं नसेल तर आकडा कितीही अचूक असो, तो कामाचा नाही.

रंधा | ३ मार्च, सकाळी ७.४०

कुडाळला माझा किचनचा छोटा वर्कशॉप आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ओळंबा काकांनी भिंतीचं सांगितलं, मी कपाटाचं सांगतो. स्वीट होम थ्रीडीमध्ये वस्तूवर डबल क्लिक केलं की जी खिडकी उघडते, त्यातले एक्स आणि वाय हे वस्तूच्या मध्यबिंदूचे असतात. म्हणून शून्य दिलं की ६० चं कपाट शून्याच्या अलीकडे ३० आणि पलीकडे ३० असं बसतं. उंचीचं मात्र तसं नाही. एलेव्हेशन म्हणजे वस्तूचा तळ जमिनीपासून किती वर, तिथे मध्य धरायचा नाही. या दोन रीती एकाच खिडकीत आहेत म्हणून माणूस गोंधळतो.

एक युक्ती सांगतो, मी माझ्या पोरांनाही हीच शिकवली. डाव्या भिंतीची मध्यरेषा एक्स = –१२.५ वर ठेवा. मग भिंतीचं आतलं अंग बरोबर शून्यावर येतं. आता सुताराची टेप जिथे टेकते तिथेच तुमच्या फाइलचा शून्य. ६० चं पहिलं कपाट ३० वर, त्याला लागून ९० चं १०५ वर, पुढचं ६० चं १८० वर. आधीच्या कपाटांची बेरीज अधिक या कपाटाची अर्धी रुंदी, इतकंच.

त्या खिडकीत रुंदी बदललीत तर मध्य जागेवर राहतो आणि कपाट दोन्ही बाजूंना वाढतं किंवा आकसतं. ६० चं ५५ केलं की दोन्हीकडे अडीच-अडीच सेंमी फट पडते. रुंदी बदलली की त्याचा आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांचा एक्स नव्याने भरा. माउसने ओढून जुळवू नका. मॅग्नेटिझम चालू असेल तर कपाट जवळच्या भिंतीला नाहीतर शेजारच्या वस्तूला उडी मारून चिकटतं, आणि आपल्याला वाटतं आपणच ठेवलं. ओढायचंच असेल तर विंडोजवर ऑल्ट दाबून धरा, तेवढ्यापुरतं चिकटणं थांबतं.

माडाखाली | ३ मार्च, दुपारी १.१५

दोघांचेही मनापासून आभार. जेवणाच्या सुट्टीत बसून केलं. डाव्या भिंतीचं आतलं अंग शून्यावर आणलं, डायमेन्शन ३३० दाखवतंय, पाचही कपाटं आकडे भरून ठेवली आणि एकही भिंतीत नाही. दोन दिवसांनी पहिल्यांदा बरं वाटलं.

आता हा नकाशा काकांना पाठवू ना?

रंधा | ३ मार्च, दुपारी १.३०

नको! ३३० च्या जागेत ३३० ची कपाटं बसत नाहीत. चिऱ्याच्या घरात तर नाहीच नाही.

ओळंबा | ३ मार्च, दुपारी २.१०

रंधा यांच्याशी सहमत. तुम्ही ती भिंत कुठल्या उंचीवर मोजलीत? जमिनीलगत मोजली असणार, टेप तिथेच सोपी पडते. चिरा हाताने घडवलेला दगड, जुन्या घरात मातीच्या नाहीतर चुन्याच्या दर्जेत बसवलेला, वरचा गिलावा जागोजाग कमीजास्त. अशी भिंत सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. त्याची भिंत काचेसारखी सरळ आणि कोपरा नव्वद अंशाचा.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा असं मोजा. रुंदी तीन उंचींवर: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला, आणि वरच्या कपाटांच्या उंचीला. प्रत्येक ठिकाणी एकदा मागच्या भिंतीला टेप लावून आणि एकदा तिच्यापासून दोन फूट पुढे. म्हणजे सहा आकडे झाले. त्यातला सर्वांत लहान तो तुमचा, बाकीचे कोपरा किती फाकला आहे ते सांगतात. कोपरा तपासायला एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर. ५ फूट भरलं तर काटकोन. कमी भरलं तर कोपरा आवळलेला, जास्त भरलं तर उघडा.

मग मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणा. पोट कुठे आलंय ते लगेच दिसेल.

आणि पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ काढा. चारही बाजूंना एका पातळीत रेघ मारा, जमिनीपासून साधारण मीटरभर वर. जुन्या रांधपाच्या खोलीत जमीन मोरीकडे उतरती असते. जमिनीपासून मोजलंत तर प्रत्येक कपाटाची उंची वेगळी येईल. रेघेपासून खाली मोजा. जमीन जिथे सर्वांत उंच, तो तुमचा उंचीचा शून्य. बाकी ठिकाणी कपाटाचे पाय थोडे जास्त उघडायचे.

कुळीथपिठी | ४ मार्च, सकाळी १०.३०

रत्नागिरीहून. दोन वर्षांपूर्वी आमचं किचन झालं, त्यात जे घडलं ते सांगते, म्हणजे ताईंचं तसं व्हायला नको. मापं घेतली तेव्हा भिंतीला टाइल्स नव्हत्या. कपाटं बाहेर तयार होत होती आणि इकडे टाइल्सवाला काम करून गेला. टाइल आणि तिच्या मागचा चिकट थर मिळून दोन्ही बाजूंनी मिळून इंचभर जागा गेली. बसवायच्या दिवशी शेवटचं कपाट आत जाईना. मग दारातच त्याची एक बाजू कापली, पुन्हा पट्टी मारली, त्या कापलेल्या कडेतून पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरलं आणि प्लाय फुगला. अजून त्या कपाटाचं दार नीट लागत नाही. रोज हात लागतो आणि रोज आठवतं.

टाइल्स आधी. मापं नंतर. नाहीतर टाइलची जाडी आधीच वजा करून ठेवा.

दुसरं, तुमच्या आईची उंची किती? सॉफ्टवेअरमधलं कपाट जसं येतं तसंच घेऊ नका. माझ्या सासूबाई ओट्यावर भाकरी थापताना टाचा वर करतात, ते बघून जीव तुटतो. कारागिराने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

माडाखाली | ४ मार्च, रात्री ९.५०

कुळीथपिठी, किती बरं झालं लिहिलंत. आई ४ फूट ११ इंच आहे. हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता, कारण मी माझ्याच उंचीने सगळं बघत होते.

कुळीथपिठी | ४ मार्च, रात्री १०.१५

मग तिला चपला न घालता सरळ उभी करा, हात कोपरात वाकवा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून १० ते १५ सेंमी वजा केले की ओट्याची उंची. गावी ती ओट्याशी चपला घालून उभी राहते की अनवाणी, तेही बघा. शेगडी ओट्याच्या वर असते हे विसरू नका. मोठ्या टोपात वरून ढवळताना खांदा उचलावा लागला तर उंची जास्त झाली असं समजा.

चौथामाळा | ५ मार्च, सकाळी ११.००

मूळचा गुहागरचा, ठाण्यात ड्राफ्ट्समन आहे. स्केचअप हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठीही इथेच लिहून ठेवतो, कारण प्रश्न तोच आहे पण उत्तर थोडं वेगळं.

स्केचअपमध्ये कंपोनंटचा (म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तूचा, जसं अख्खं कपाट) स्वतःचा मूळबिंदू असतो आणि तो कंपोनंट बनवताना आपण ठरवू शकतो. मी कपाटाचा मूळबिंदू नेहमी मागचा, डावा, खालचा कोपरा ठेवतो. मग कपाट हलवताना तोच कोपरा पकडायचा, शेजारच्या कपाटाच्या उजव्या कोपऱ्याला टेकवायचा. मध्यबिंदूची बेरीज करावी लागत नाही. अंतर द्यायचं तर मूव्ह टूल घेऊन दिशा दाखवायची, आकडा टाइप करायचा आणि एंटर. बाणाच्या कळांनी दिशा कुलूपबंद होते: उजवा बाण लाल अक्ष, डावा हिरवा, वरचा निळा. हे केलं नाही तर कपाट सरकवताना नकळत वर-खाली जातं आणि समोरून बघताना कळतही नाही.

सर्वांत मोठी चूक मी स्वतः बरीच वर्षं केली. ६०० मिमीचं कपाट ४५० करायचं म्हणून स्केल टूलने आवळायचं. त्याने नुसती रुंदी कमी होत नाही, बाजूच्या फळ्यांची जाडीही त्याच प्रमाणात कमी होते. १८ मिमीची फळी साडेतेरा मिमीची झाली आणि कटिंगच्या यादीत तसंच गेलं. रुंदी बदलायची तर कंपोनंटच्या आत जाऊन एका बाजूची फळी पूर्णपणे निवडून सरकवायची आणि आडव्या फळ्या तेवढ्या कमी करायच्या.

आणि आकड्याआधी ~ ही खूण दिसली तर थांबा. तिचा अर्थ, दाखवलेला आकडा पूर्ण नाही, जवळपासचा आहे. बहुतेक वेळा कपाट कुठेतरी केसभर बाजूला टेकलेलं असतं.

खाडीपलीकडे | ५ मार्च, दुपारी ४.२०

मध्येच विचारतो, माफ करा. आमचे सुतार सूत आणि इंचात बोलतात, सॉफ्टवेअर मिमीमध्ये. कुठलं धरायचं?

रंधा | ५ मार्च, सायंकाळी ६.४५

मिमी. आणि दोघांनीही मिमी. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलंत तर संपलं.

इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याचे आठ भाग म्हणजे आठ सूत, एक सूत ३.१७५ मिमी. सुतार "सूतभर इकडे-तिकडे" म्हणतो तेव्हा तो तीन मिमी म्हणतोय. हाताने एकेक नग बसवताना तो सूतभर रंध्याने काढून टाकतो, त्याचं काम अडत नाही. पण पाच कपाटं वेगळी तयार होऊन आली आणि प्रत्येक सूतभर जास्त असेल तर शेवटाला १६ मिमी उरतात, आणि ते काढायला जागा नसते. म्हणून मी नकाशावर प्रत्येक कपाटाची रुंदी तर देतोच, पण सोबत डाव्या कोपऱ्यापासून प्रत्येक सांध्याचं अंतरही देतो. ४५०, १३५०, १८०० असं चढत जाणारं. सुतार टेप एकदाच टेकवतो आणि सगळ्या खुणा एका दमात करतो, मग एकाची चूक दुसऱ्यात जात नाही.

प्लायचंही तेच. बोलताना सगळे "पाऊण इंची" म्हणतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५. तुम्ही आणलेली शीट १८ ची असू शकते. वर दोन्ही अंगांना मिमीभराचं लॅमिनेट लागलं की फळी २० ची झाली. ६०० च्या कपाटात आत ५६० उरतात, ५६४ नाही. ड्रॉवरच्या रनरला (ज्यावर तो सरकतो त्या पट्टीला) हे चार मिमी चालत नाहीत. नकाशात बाहेरचं माप पक्कं धरा आणि आतलं माप शीट हातात आल्यावर कॅलिपरने मोजून लिहा.

एक सांगून ठेवतो. शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२०. कपाटाची खोली ६१० दिलीत तर कागदावर दोन पट्ट्या निघतात, प्रत्यक्षात करवतीचं पातं तीन-चार मिमी खातं आणि दुसरी पट्टी कमी पडते. ५६० द्या, निश्चिंत राहा. आपल्या हवेत प्लाय आयएस ७१० चाच (मरीन प्लायचं मानक) घ्या, शिक्का बघून. कापलेली प्रत्येक कड बंद झालीच पाहिजे, पाठीमागची जी कुणाला दिसत नाही तीसुद्धा. कुळीथपिठी ताईंच्या दाराचं नेमकं तिथेच बिनसलं.

माडाखाली | १६ मार्च, रात्री ८.३०

शनिवारी-रविवारी गावी जाऊन आले. सुतारकाका, मी आणि आई, तिघांनी मिळून मापं घेतली. ओळंबा काका, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं निघालं.

रुंदी जमिनीलगत ३३०२ मिमी, ओट्याच्या उंचीला ३२९०, वर ३२७६. उजवी भिंत वरती आत झुकली आहे. दोरी लावली तर मागच्या भिंतीला मधोमध १५ मिमीचं पोट. नळीची पाणसळ काकांनी त्यांच्या वडिलांच्या वेळची काढली. जमीन डावीकडून उजवीकडे मोरीच्या दिशेने १४ मिमी उतरते. आई नळीचं दुसरं टोक धरून उभी होती. पाणी दोन्हीकडे सारखं आल्यावर ती म्हणाली, "ह्या खोलयेत चाळीस वर्सां रांधलंय, ती कलती आसा म्हणून कधी कळला नाय."

तिच्या कोपराची उंची ९३ सेंमी. १२ वजा केले, ओटा ८१. मी ८६ धरला होता.

मग तिच्या बरण्या मोजल्या. आमसुलं, आगळ, मिठातल्या कैऱ्या, सगळ्यांच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधलेला. सर्वांत उंच बरणी ३३० मिमी भरली. ती दोन्ही हातांनी उचलते आणि उचलताना थोडी मागे कलवते, म्हणजे वर मोकळी जागा लागते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमधल्या कपाटात धरलेलं नव्हतं.

आता कपाटांची रचना कशी करू?

रंधा | १६ मार्च, रात्री ९.४०

अशी मापं कुणी आणली की काम करायला हुरूप येतो.

खालच्या कपाटांना ३२९० धरा, ३२७६ वरच्या कपाटांच्या उंचीचं आहे. टाइल्स अजून व्हायच्या आहेत ना? टाइल ८ आणि चिकट थर ४, प्रत्येक बाजूला १२. उरले ३२६६. कपाटं ३२०० ची करा. राहिलेले ६६ दोन्ही टोकांना ३३-३३ अशा पट्ट्यांत. या पट्टीला आम्ही फिलर म्हणतो. ती आधी मोठी कापायची आणि बसवताना भिंतीच्या आकाराप्रमाणे रंध्याने उतरवायची. भिंतीचा वाकडेपणा तिने पोटात घ्यायचा, कपाटाने नाही. टोकाच्या कपाटाचं दार भिंतीला न घासता उघडायलाही ती जागा लागते.

डावीकडून: सिलिंडर ४५०, शेगडीखाली ड्रॉवर ९००, बरण्या ४५०, सिंक ८००, शेवटी ६००. बेरीज ३२००. घरात आहे तो सिलिंडर आधी मोजा, रेग्युलेटर आणि नळीसकट. त्याच्या दाराला खाली जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका वर ठेवून उपयोग नाही.

तुमच्या फाइलमध्ये एक्सच्या किमती, शून्य डाव्या टाइलच्या अंगावर धरून, सेंमीमध्ये: २५.८, ९३.३, १६०.८, २२३.३, २९३.३. शेवटचं कपाट ३२३.३ ला संपतं, पुढे ३.३ ची पट्टी.

उंची: पाय १००, कपाट ६९०, ग्रॅनाइट २०. झाले ८१०. तयार मॉड्युलर कपाट ७२० चं असतं, आपला सुतार हाताने करतोय म्हणून ६९० शक्य आहे. पाय कमी करून उंची साधू नका, जमीन धुताना पाणी आत जायला नको. पुढे कधी ओट्याखाली डिशवॉशर ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा, तो ८१ च्या ओट्याखाली मावणार नाही.

वायचं (भिंतीपासून पुढे किती, त्याचं) आता. कपाटांची पाठ भिंतीपासून २५ मिमी पुढे ठेवा. पोट आहे तिथे १० उरतील, टोकांना पूर्ण २५. चिऱ्याची भिंत आषाढात ओल धरते, पाठ तिला चिकटली की बुरशी आलीच. ५६० कपाट अधिक २० दार म्हणजे ५८ सेंमी खोली, मध्य वाय = २.५ + २९ = ३१.५. ग्रॅनाइट भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत ६२५.

बरण्यांचं कपाट: ६९० मधून वरची-खालची फळी गेली, लॅमिनेटसकट ४० मिमी. मधली फळी २०. उरले ६३०. खालचा कप्पा ३९० घ्या, म्हणजे ३३० च्या बरणीवर ६० मिमी मोकळे. वर २४०, त्यात डबे. बरण्या खालीच हव्यात, तेवढं वजन वरून काढायला लावू नका.

ओळंबा | १७ मार्च, सकाळी ८.१५

सिंकवर खिडकी असेल तर तिचा मध्य डाव्या कोपऱ्यापासून मोजून बघा. आणि चिमणीचं भोक पश्चिमेच्या भिंतीत पाडू नका. पावसाळी वारा तिकडूनच येतो, पाणी पाइपातून थेट शेगडीवर.

माडाखाली | १७ मार्च, दुपारी १.००

खिडकीचा मध्य २२२ सेंमी, सिंकचा २२३.३. तेरा मिमीचा फरक, चालेल ना? खिडकी मागीलदारी उघडते, पल्ले बाहेरच्या बाजूला, त्यामुळे नळ आड येत नाही. चिमणी उत्तरेला काढतो.

ओळंबा | १७ मार्च, दुपारी १.४०

चालेल. नळ खिडकीच्या मध्यावर बसवा, डोळा नळाकडे बघतो.

माडाखाली | १४ मे, रात्री १०.००

काम झालं. टाइल्स एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागल्या, त्यावर काकांनी पुन्हा टेप फिरवली, ३२६६ च भरले. कपाटं परवा बसली. डावी पट्टी ३० आणि उजवी ३६ अशी झाली, कारण काकांनी सगळी रांग तीन मिमी डावीकडे घेतली. उजवी भिंत झुकलेली आहे, तिथे पट्टी उतरवायला जास्त लाकूड हवं, असं त्यांनी बसवताना ठरवलं आणि मला ते पटलं. उजवी पट्टी वरून निमुळती दिसते, पण फट कुठेही नाही. उजवीकडचे पाय डावीकडच्यापेक्षा १४ मिमी जास्त उघडले आहेत, समोरच्या पाटीमागे ते दिसत नाहीत.

काकांनी माझा नकाशा खिळ्याने दारावर ठोकला होता. सांध्यांची चढती मापं त्यांनी लाल पेन्सिलीने एकेक करून खोडली. काम संपल्यावर तो कागद मी मागून घेतला.

काल आईने तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मी बाजूला उभी राहून तिचे खांदेच बघत होते. ते खाली होते. मग तिने आमसुलांची बरणी खालच्या कप्प्यात ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. दादरा वरच्या फळीला लागला नाही.

खाडीपलीकडे | १५ मे, सकाळी ७.१०

ताई, वरच्या कपाटांचं एलेव्हेशन किती दिलंत? आमच्याकडेही आई साधारण तेवढीच आहे.

माडाखाली | १५ मे, सकाळी ९.२५

१३६ सेंमी. ओटा ८१ आणि वर ५५ मोकळे. कपाट ६० उंच, पण सगळ्यात वरच्या फळीवर तिचा हात पोचत नाही, तिथे गणपतीची भांडी ठेवली आहेत. तुम्ही आईंना मोकळ्या भिंतीसमोर उभं करून हात वर करायला सांगा, बोटं पोचतात तिथे पेन्सिलीची खूण करा आणि शून्य ओट्यावर नाही, जमिनीवर धरा.